हमीद, वादी अदाई

मस्कतमध्ये ज्याला देवनागरी वाचता येत होती त्याला हमीदभाईंचं नाव ठाऊक होतं, आणि ज्याला येत नव्हती त्याला ते वेलबुट्टी वाटायचं. रुवीतल्या किराणा दुकानापासून बौशरच्या टायरवाल्यापर्यंत हातानं रंगवलेली कुठलीही पाटी बघा. वर अरबी, खाली इंग्रजी, आणि उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरांत ‘हमीद, वादी अदाई’. पाटीवर काय लिहायचं याचा नकाशा नगरपालिकेकडून पास करून घ्यावा लागे आणि त्यात रंगाऱ्याच्या नावाला जागा नसे. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, नासर. त्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे, "हमीद, ये कोने में क्या है?"

"फूल है, अर्बाब," हमीदभाई म्हणाले होते.

अर्बाब मान हलवून गेले, आणि ते फूल तीस वर्षं मस्कतभर उमलत राहिलं.

मी तिथे गेलो तो कॉम्प्युटरवाला म्हणून. वादी अदाईच्या त्या वर्कशॉपमध्ये पाट्यांची अक्षरं चिकट व्हिनाइलमधून कापायचं मशीन आलं होतं आणि ते चालवायला कऱ्हाडहून मी. म्हणजे खरं तर हमीदभाईंच्या पोटावर पाय द्यायलाच मला आणलं होतं. दुसरा असता तर त्यानं मला पहिल्या आठवड्यात पळवून लावलं असतं. हमीदभाईंनी पहिल्या दिवशी चहा पाजला, माझ्या मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चांगला हाय. पण याला अक्षराचं पोट कळत नाय." तेवढंच. पुढे मी एखादं नाव कापून काढलं की ते लांबून बघत आणि एकच बोट हवेत गोल फिरवत. त्याचा अर्थ, पोट चुकलं. मला राग यायचा. ते गेल्यावर पुन्हा बघितलं की पोट चुकलेलं असायचं, मग जास्तच राग यायचा.

माणूस बारीक, काटक, अठ्ठावन्न वर्षांचा. रेवदंड्याचा कोकणी मुसलमान. कानावर खारीच्या केसांचा ब्रश, खिशात खडूची भुकटी लावलेली दोरी. अरबी उजवीकडून लिहीत यायचं आणि इंग्रजी डावीकडून, आणि दोन्ही ओळी बरोबर सारख्या रुंदीच्या भरायच्या. मोजपट्टी नाही. ओळ पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव रंगवून घ्यायला ड्रायव्हर यायचे, सगळे घोड्यावर बसून. "यल्ला हमीदभाई, यल्ला!" की हे ब्रश खाली ठेवून त्याच्यासाठी चहा मागवायचे. तो चहा संपेपर्यंत ब्रश उचलायचे नाहीत. घाई करणाऱ्याला जास्त वेळ लागायचा, हे सगळ्या ड्रायव्हरांना पाठ झालं होतं.

एकदा बौशरला एका औषधाच्या दुकानाची पाटी चढवून आम्ही परत आलो. जूनचा महिना, पत्रा हाताला चटके देत होता. रात्री जेवताना यांना आठवलं की एका अरबी अक्षराचा ठिपका जरा डावीकडे पडलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन मला ओढत पुन्हा तिथे. दुकानदार केरळचा, तो हात जोडून म्हणाला, "भाई, रहने दो, कौन देखता है?" मीही शिडी धरून तेच पुटपुटलो, "कोण बघतंय, हमीदभाई?"

वरून उत्तर आलं, "बाई बघतात."

हे त्यांचं कायमचं वाक्य. रंग पातळ झाला, बाई बघतात. रेघ हलली, बाई बघतात. मला वर्षभर वाटत होतं की बाई म्हणजे यांची बायको. मनात म्हणायचो, बिचारा दीड हजार किलोमीटर लांब येऊनही सुटला नाही.

बाई कोण ते मला बोंबलांमुळे कळलं. गावाहून कुणी येणार असलं की हमीदभाईंच्या घरून सुक्या बोंबलांचं पार्सल यायचं. एकदा ते माझ्यासमोर उघडलं आणि बोंबलांच्या मधोमध प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पत्र निघालं. निळ्या शाईचं, वळणदार, छापल्यासारखं मराठी. पाकिटावर परदेशी तिकीट. हमीदभाईंनी वर्कशॉपचं दार आधी लोटलं आणि मग पत्र नाकाला लावलं. "तिकडून हिकडं थेट टपाल मागवायची मना भीती वाटते. म्हणून रेवदंड्याला येतं, आणि तिथून बोंबलांतून हिकडं."

तिकडून म्हणजे इस्रायलहून.

मिल्काबाई चौलकर. रेवदंड्याच्या मराठी शाळेत पहिलीच्या बाई. कोकणातले यहुदी, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. हमीदभाईंच्या घराला त्यांचं घर लागून. त्यांच्याकडून मलिद्याचं ताट यायचं, यांच्याकडून ईदेचा शीरखुर्मा जायचा. हमीदभाईंच्या हातात पाटीवरची पेन्सिल बाईंनी धरवली. ‘अ’ काढला की बाई कान धरायच्या, "पोट कुठंय याचं? उपाशी ठेवलास का?" हमीद चौदा-पंधरा वर्षांचा असताना बाई नवऱ्याबरोबर आणि पाच वर्षांच्या एस्तेरला घेऊन तिकडे गेल्या. तिथे मराठी शाळा कुठली? बाईंनी आयुष्य बिस्किटांच्या कारखान्यात काढलं. एस्तेर पायानं अधू, लग्न झालं नाही, आईजवळच राहिली.

पुढे पत्रांची जागा मोबाइलनं घेतली. हमीदभाईंकडे बटणांचा साधा फोन, म्हणून एस्तेर माझ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मी नको म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही, पण प्रत्येक वेळी ऐकून झालं की पुसून टाकायचो. त्या देशाशी असा संबंध ठेवला तर इथला कायदा काय म्हणतो ते मला धड माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या कायद्याची भीती जास्त वाटते. मस्कतमध्येच दार्सैतला माझं घर होतं, बायको होती, मुलगी शाळेत होती.

एका सकाळी एस्तेरऐवजी बाईंचाच आवाज आला. ऐंशीच्या घरातला, पण शाळेतल्यासारखा स्वच्छ.

"हमीद, बाळा, मी जेरुसलेमला आले आहे. सरकारच्या घरखात्याच्या कचेरीसमोर बसले आहे. आमचं घर सरकारी, ह्यांच्या नावावर होतं. आता नोटीस आली आहे की मी आहे तोवर ठीक, माझ्यामागे एस्तेरनं महिन्याभरात घर सोडायचं. इथे आम्ही वीसएक जण आहोत, सगळ्यांचं हेच. सगळ्यांनी पाट्या केल्यात. मला त्यांची लिपी अजून नीट येत नाही, आणि वाईट अक्षरात मी काही मागणार नाही. तू मला एक मराठी पाटी करून दे. लिही, माझ्यामागे माझी पोर कुठे जाईल?"

हमीदभाईंनी ते तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "पहिल्यांदा बाईंनी मना पाटी मागितली."

आता तुम्हीच विचार करा. इस्रायली नागरिक, इस्रायली सरकारच्या दारात धरणं धरून बसलेले, आणि त्यांची पाटी रंगतेय मस्कतमध्ये, एका ओमानी अर्बाबाच्या वर्कशॉपात, रेवदंड्याच्या मुसलमानाच्या हातून, मराठीत. दोन-तीन वर्षांपूर्वी इथेही लोक फलक घेऊन रस्त्यावर बसले होते. तेव्हापासून फलक हा शब्द आम्ही हळू आवाजात म्हणायचो. मी म्हटलं, "हमीदभाई, मी कॉम्प्युटरवर टाइप करून पाठवतो. कुणाचा हात कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पांढरा बोर्ड काढून ठेवला.

दुपारच्या सुट्टीत, दार लावून, पांढऱ्या बोर्डावर त्यांनी ती ओळ काढली. काळा रंग. ‘माझ्यामागे माझी पोर कुठे जाईल?’ पाऊण तास लागला. पाणी नाही, बोलणं नाही. बाहेर गाडी थांबली की मी दाराच्या फटीतून बघत होतो. वाळल्यावर मी फोटो काढला, एस्तेरला पाठवला, माझ्या फोनमधून पुसला. बोर्डावर हमीदभाईंनी स्वतःच पांढरा रंग मारला. तिकडे एस्तेरनं तो फोटो मोठा छापून घेतला आणि बाईंच्या खुर्चीला बांधला. तिनं पाठवलेल्या फोटोत बाई छत्रीखाली बसलेल्या, कडेला एक शिपाई, आणि तो शिपाईसुद्धा वाकून ती अक्षरं बघतोय.

आठवड्यानंतर मी घरी जेवत होतो. बायकोच्या फोनवर मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘जेरुसलेममध्ये मराठी आजीचा आवाज! अभिमान वाटला तर पुढे पाठवा.’ तिथल्या कुठल्या तरी पेपरात आलेला बाईंचा फोटो. जगभरच्या मराठी माणसांचा अभिमान करत करत तो दार्सैतला पोहोचला होता. माझ्या मुलीनं, ऋतानं, फोन हातात घेतला. तिचं मराठी अडखळत. तिनं मोठी ओळ वाचली आणि मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"बाबा, इकडे कॉर्नरला पण काय तरी आहे. ह... मी... द. वा... दी..."

मी तिच्या हातून फोन घेतला. फोटो मी काढला होता. कोपरा माझ्या डोळ्यांसमोर होता. पण त्या कोपऱ्यातली ती अक्षरं मी रोज इतकी बघत आलो होतो की मला ती दिसलीच नाहीत. अर्बाबांना ते फूल वाटायचं. मला तर काहीच वाटायचं बंद झालं होतं.

सकाळी मी हमीदभाईंसमोर फोन धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. "हात थांबला नाय रं," एवढंच म्हणाले.

मी भडकलो. म्हटलं, तुमचा हात थांबत नाही आणि आमचे संसार जातात. मग स्वतःच उपाय सुचवायला लागलो. नाकबूल करू. म्हणू, दुसरा कुणी हमीद असेल.

"वादी अदाईत दुसरा हमीद पेंटर? मग अख्ख्या रुवीच्या पाट्या पुसाव्या लागतील, सतीश."

खरंच होतं. त्या आठवड्यात मला रस्त्यात जो भेटेल तो दात काढून सांगायचा, "अहो, तुमचे हमीदभाई फेमस झाले की!" किराणावाला सांगायचा, देवळातून बाहेर पडताना लोक सांगायचे. आपल्या माणसांचं हे असं. शत्रू परवडला, त्याला निदान अभिमान वाटत नाही. वर्कशॉपसमोर अनोळखी गाडी हळू झाली की मी मशीन बंद करून ऐकत बसायचो. मी एस्तेरला कळवलं, पाटी उतरवा. तिकडून बाईंचा आवाज आला, "हमीद, तुला त्रास होत असेल तर आत्ता काढते. नुसता कोपरा कापला तर चालेल का?"

मी हमीदभाईंच्या तोंडाकडे बघत होतो. ते एवढं म्हणाले असते की कापा, तरी थोडं बरं झालं असतं. निदान पुढचा फोटो तरी साफ आला असता. त्यांनी माझा फोन तोंडाजवळ धरला, एखादा पेला धरावा तसा.

"कापू नका बाई. पाटी राहू दे. तुम्ही पाणी पीत जा."

अर्बाब दुसऱ्या दिवशी आले. नेहमी यायचे तेव्हा खजुराचा डबा आणायचे, त्या दिवशी हात मोकळे. खुर्चीवर बसले आणि फोन टेबलावर ठेवला. मी मशीनपाशी पाठ करून उभा होतो.

"हमीद. ये वही फूल है ना?"

"हां, अर्बाब."

"तीस साल मेरे को फूल बोला."

अर्बाबांनी टेबलावरचा फोन हमीदभाईंकडे सरकवला.

"क्या लिखा है ऊपर?"

हमीदभाईंनी सांगितलं. बुढी औरत आहे, मेरी टीचर. उसकी लडकी लंगडी आहे. पूछती है, मेरे बाद मेरी बेटी कहां जायेगी. मोडकं हिंदी, त्यात मध्येच मराठी. अर्बाबांनी फोन पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला. माझ्या मशीनचं काम संपलं होतं, पण मी उगाच व्हिनाइलच्या कडा सोलत राहिलो.

"भेजा किसने? तुमको तो मोबाइल चलाना नहीं आता."

माझे हात थांबले. वळलो असतो तर एक पाऊल, आणि दोन शब्द. मी तो क्षण नंतर हजार वेळा जगलोय आणि प्रत्येक वेळी वळलोय. त्या दिवशी नाही वळलो.

"मैंने भेजा, अर्बाब," हमीदभाई म्हणाले.

पाठीवर नजर जाणवते म्हणतात, ते खोटं नाही. अर्बाबांना कळलं होतं. ते म्हणाले, "अच्छा. तुमने." मग सावकाश बोलले. माणूस वाईट नव्हता. "खाली तुम्हारा नाम होता, मैं कुछ नहीं बोलता. मेरी जगह का नाम क्यों लिखा? कल कोई आके मेरे से पूछेगा, मैं क्या बोलूं? मैं इतना ही बोल सकता हूं, वो आदमी चला गया."

"बराबर है, अर्बाब."

"दो हफ्ता. टिकट मैं देगा. खलास."

दारात ते थांबले. वळले नाहीत. विचारलं, "उस औरत को घर मिला?"

"अभी नहीं."

ते गेल्यावर हमीदभाईंनी कानावरचा ब्रश काढला आणि अर्धवट राहिलेलं ट्रकचं दार पुरं करायला घेतलं. मी जवळ जाऊन काहीतरी बोलायला लागलो, मला रडू येत होतं. ते म्हणाले, "थांब. ओळ होऊ दे." ओळ झाली, मग दुसरी सुरू केली. मी पुन्हा कधीच ते बोलू शकलो नाही.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. कचेरीपुढची माणसं बरेच दिवस बसली, एकदा उठवली गेली, पुन्हा बसली. सहा-सात महिन्यांनी एस्तेरच्या नावाचा कागद आला आणि तो बघायला बाई होत्या. हे मला रेवदंड्याहून कळलं. पण हमीदभाई निघाले तेव्हा त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एकतीस वर्षांचं बस्तान उचलताना हाती काही लागेल याची खात्री नव्हती.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी एस्तेरचा निरोप आला. पावसानं पाटी भिजली, वाऱ्यानं फाटली, आणि तिनं नवीन फोन घेतल्यापासून जुना फोटो सापडत नाही. आई बिनपाटीची बसली आहे.

हमीदभाईंची बॅग बांधून दाराशी ठेवली होती. त्यांनी ती सोडली, रंगाचा डबा काढला. मी दार लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे उघडं. उजेड चांगला येतो."

तीच ओळ. तेच पोट. मी या वेळी शेजारी उभं राहून बघत होतो, कोपऱ्यापर्यंत. हात खाली उजवीकडे गेला आणि थांबला. म्हणजे थांबत होता तर. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, ‘हमीद, रेवदंडा’.

मग ब्रश तसाच हातात धरून माझ्याकडे वळले. चेष्टेतच, पण डोळे माझ्यावर.

"तुझा नाव टाकू काय रं बाजूला? फोटो तर तूच काढतोस."

बाहेर रस्त्यावरून एक टँकर गेला. त्याच्या दारावर यांचंच अक्षर.

"नको, हमीदभाई," मी म्हटलं. "ऋताची शाळा आहे."

"हां, खरं हाय तुझं," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, तेच मला सोसत नाही. फडक्याला ब्रश पुसला, एका डोळ्यानं ओळ पारखली आणि बाजूला सरकले.

"मग काढ फोटो. सरळ धर हं. बाई बघतात."

मी सरळ धरला. या वेळी कोपरा नीट बघून काढला.